कमानीत न बसलेलं नाव

आषाढात लग्नं नसतात, म्हणून दुकानात काम नव्हतं. अशाच एका सकाळी माझ्या कॉम्प्युटरवर एक निळी चौकट आली. आत इंग्रजी मजकूर आणि खाली दोन बटणं. सुनेनं वाचून सांगितलं की ही सिस्टिम आता जुनी झाली, हिला यापुढं कोणी वाली नाही, नवी टाकून घ्या. एक बटण 'आत्ता' असं, दुसरं 'नंतर आठवण करा' असं. 'नको' असं बटणच नव्हतं. मी म्हटलं, ज्याला गिऱ्हाइकाचं 'नको' ऐकायची सवय नाही त्याच्या दुकानाची पायरी चढू नये. सून हसली नाही. तिनं 'नंतर' दाबलं. दुसऱ्या दिवशी चौकट परत हजर, उधारीवाल्यासारखी.

माझं शिक्षण चौथी, आणि चौथीचा निकाल बघायलाही मी गेलो नव्हतो. शाळा सोडून भोरातल्याच एका छापखान्यात लागलो. तिथं शिशाचे खिळे जुळवून मजकूर करायचा. खिळ्यावर अक्षर उलटं असतं. म्हणजे मी आधी उलटं वाचायला शिकलो, सुलटं मागाहून. पुढं छापखाना माझा झाला, खिळे भंगारात गेले, कॉम्प्युटर आला, तोही मी कुठल्या क्लासला न जाता शिकलो. आज भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत लग्नपत्रिका म्हटली की माझं दुकान. हे बढाई म्हणून सांगत नाही. बढाई लोकांनी ऐकावी म्हणून मारतात, आणि मी लोकांची फारशी पत्रास ठेवत नाही.

आम्ही मुसलमान. घरात मराठीच बोलतो. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' हे शब्द माझ्या हातानं जितक्या वेळा जुळले तितक्या वेळा ते कुठल्या गुरुजींच्या तोंडून निघाले नसतील. आणि गुरुजींना जे माहीत नसतं ते मला माहीत असतं. पत्रिकेच्या खालच्या अंगाला भाऊकीची नावं असतात. पुण्याच्या शिकलेल्या माणसाला वाटतं, ती जागा भरायला घातलीत. आमच्याकडं मांडवात टॉवेल, टोपी आणि नारळ त्याच क्रमानं दिला जातो. माईकवाल्याच्या हातात पत्रिका असते आणि तो वरनं खाली वाचत जातो. आपलं नाव खाली गेलेलं ऐकून माणूस न जेवता मांडवातून उठतो, आणि एकदा उठला की दहा-दहा वर्षं त्या दारात पाय ठेवत नाही.

म्हणून लग्न ठरलं की भाऊकी बसते, यादी करते, आणि यादीवरनं भांडते. भांडण हातघाईवर आलं की कोणीतरी म्हणतं, चाचांकडं जा, मागची पत्रिका काढा. चाचा म्हणजे मी. मी कुणाच्याच भाऊकीत नाही, म्हणून सगळ्यांचा माझ्यावर भरवसा. भोंगवलीपासून वेल्ह्याच्या वरच्या वस्त्यांपर्यंतची माणसं एसटीनं येतात, चपला बाहेर काढून आत बसतात आणि म्हणतात, काढा. मी कॉम्प्युटर उघडतो. प्रत्येक गावाचा त्यात एक कप्पा, प्रत्येक भाऊकीची त्यात फाईल. कागदावरचे नमुने मी पूर्वी कपाटात ठेवायचो, ते एका पावसाळ्यात वाळवीनं खाल्ले. तेव्हापासून जे आहे ते त्या मशीनमध्ये. मी त्यांना दाखवायचो आणि सांगायचो, माणूस विसरतो, मशीन विसरत नाही आणि खोटं बोलत नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा बोललोय की वस्तीवरच्या बायकासुद्धा ते म्हणून दाखवतात.

आता अडचण अशी की आमची मराठी अक्षरं ही जुन्या काळच्या एका प्रोग्रामातली. ते चालायला मशीनच्या मागं एक छोटी किल्ली लावावी लागते, तिला डोंगल म्हणतात. नवी सिस्टिम त्या किल्लीला ओळखत नाही. म्हणजे नवी सिस्टिम टाकली की आमची अक्षरं गेली, अक्षरं गेली की फायली गेल्या, फायली गेल्या की दोन तालुक्यांचा क्रम गेला. मी सुनेला हेच सांगितलं, मुलाला हेच सांगितलं, चहावाल्याला हेच सांगितलं. सगळं खरं होतं. पण नको म्हणायचं कारण एवढंच नव्हतं.

दुसरं कारण एका फाईलमध्ये होतं. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एक वस्ती आहे, शेरडं-मेंढरं आणि थोडा भात. तिथल्या भाऊकीत तीन पात्या, म्हणजे शाखा: थोरली, मधली, धाकटी. चौदा वर्षांपूर्वी मधल्या पातीत लग्न होतं आणि पत्रिका माझ्याकडं आली. हातानं लिहिलेल्या यादीत थोरल्या पातीच्या म्हाताऱ्याचं नाव पहिलं होतं. त्या वर्षी कमानीची पत्रिका चालायची: दोन बाजूंना खांब, वर कमान, कमानीच्या आत नावं. कमान वर निमुळती, म्हणून पहिली ओळ आखूड लागते. म्हाताऱ्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव, पुढं 'पाटील', सगळं मिळून लांबलचक. ते कमान फोडून बाहेर यायला लागलं. दुसरं नाव धाकट्या पातीच्या माणसाचं, चार अक्षरी आणि सुटसुटीत. मी दोन्हींची अदलाबदल केली. कमान कशी भरीव दिसली. पत्रिका गेली, लग्न झालं. त्या मांडवात माईक बंद पडला, नावं पुकारलीच नाहीत, म्हणून तेव्हा कुणी काही बोललं नाही.

पुढच्या लग्नात धाकट्या पातीचा तो माणूस उभा राहिला आणि म्हणाला, मागच्या पत्रिकेत आमचं नाव पहिलं आहे. पाचजण दुकानात आले. मी फाईल उघडली. त्याचं नाव पहिलं होतं. त्यांनी विचारलं, असंच आहे ना? मी म्हटलं, मशीनमध्ये आहे ते तुमच्यासमोर आहे. ते का आहे हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. चारचौघांत कोण सांगणार की माझ्या कमानीसाठी मी तुमची थोरली पाती खाली उतरवली? तेव्हापासून प्रत्येक मांडवात नारळ आधी धाकट्या पातीला. थोरल्या पातीचा म्हातारा, ज्याला सगळे आबा म्हणतात, त्यानं भाऊकीच्या मांडवात यायचंच सोडलं. आहेर मुलाबरोबर पाठवायचा आणि स्वतः शेरडं घेऊन डोंगराला जायचा.

तर ही ती फाईल. सुनेला हे ठाऊक नव्हतं. तिचं म्हणणं साधं होतं. लोकांना आता मोबाईलवर पाठवायची पत्रिका हवी असते, नवरानवरीचा फोटो हलता हवा असतो, आणि त्याचं सॉफ्टवेअर आमच्या मशीनवर चढत नाही. उत्रोलीची तीन लग्नं त्यापायी पुण्याला गेली. एकदा कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून कीड शिरली आणि सगळे कप्पे दोन दिवस गायब झाले होते, ते तिनं माझ्यापुढं परत परत काढलं. हलणाऱ्या फोटोबद्दल माझं मत मी तिला सांगितलं: नवरदेव लग्नाआधीच एवढा डोलायला लागला तर मांडवात काय करणार? तिनं हे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अब्बा, तुम्ही एकदा कापूरहोळला चला. त्या माणसाचं ऐका आणि मग नाही म्हणा."

कापूरहोळला हायवेच्या कडेला, पंक्चरवाल्याच्या आणि ढाब्याच्या मधे, कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आहे. दुकानदार पस्तिशीचा, गळ्यात इअरफोन. त्यानं मला 'अंकल' म्हटलं. मला अंकल म्हणणाऱ्या माणसाचं बोलणं मी तिथंच ऐकायचं सोडतो, पण सून शेजारी होती. तो म्हणाला, जुन्या सिस्टिमला आता कुलूप राहिलं नाही, कोणीही आत येईल. मी विचारलं, कोण येणार? माझ्या मशीनमध्ये भोंगवलीच्या भाऊक्या आहेत, त्या चोरून परदेशातला माणूस काय करणार, मांडव घालणार? या लोकांना 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबता येतं, आपण काय दाबतोय ते सांगता येत नाही.

सुनेनं पेनड्राइव्हवर एक फाईल आणली होती, भोंगवलीच्या एका लग्नाची. त्यानं ती आपल्या नव्या मशीनवर उघडली. पडद्यावर कंस, फुल्या, डॉलर, उलटे स्वल्पविराम, असा सगळा चिवडा आला. नवरीच्या बापाच्या जागी तीन टक्के आणि एक चांदणी. मला इतका आनंद झाला की मी त्याच्या दुकानात चहा प्यायलो.

पण तो म्हणाला की यावर उपाय आहे. जुनं अक्षर नव्यात फिरवणारा प्रोग्राम असतो. शंभरात पाच ठिकाणी तो चुकतो, म्हणून ज्याला माहिती आहे अशा माणसानं एकेक फाईल उघडून वाचून काढायची. परत येताना एसटीत सून म्हणाली, "तुम्ही वाचा, मी नवीन अक्षरात करते. दोन महिने लागतील. दिवाळीच्या आत होईल." मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, का? मी म्हटलं, नाही म्हणजे नाही. एकेक फाईल उघडायची म्हणजे तीही उघडायची, शेजारी सून बसलेली, आणि मी ते नाव मोठ्यानं वाचायचं. खिडकीतनं बाहेर बघत मी तिला सांगितलं की माझं आयुष्य असं 'अपग्रेड' करून घेण्यात गेलेलं नाही. असली वाक्यं मला चटकन सुचतात.

भोरात बातमी लपत नाही. आठवड्याच्या आत धाकट्या पातीचा तो माणूस दुकानात आला. आता त्याचे केस रंगवलेले, पायात पांढरे बूट, वेल्ह्याच्या चिखलात पांढरे बूट घालणारा माणूस. पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून म्हणाला की मशीन बदलू नका. मधल्या पातीत दिवाळीनंतर लग्न आहे, यादीवरनं परत कुरबूर होणार, आणि त्याच्या बाजूनं बोलणारं एवढं एकच मशीन आहे.

"चाचा, तुमी हाय म्हून आमचा मान हाय," तो म्हणाला. "नायतर आजकाल खऱ्याला कोन विचारतंय?"

मी आयुष्यात पुष्कळ शिव्या खाल्ल्यात. कुठलीही एवढी झोंबली नव्हती. म्हणजे मी जे 'नाही, नाही' म्हणत होतो ते या पांढऱ्या बुटांच्या बाजूनं. पेढे मी चहावाल्याला दिले. मशीनला मात्र हात लावला नाही. सुनेनं चौकट आल्यावर 'नंतर' दाबणंही सोडून दिलं, ती चौकट आता दिवसभर मधोमध तशीच असायची आणि मी तिच्या बाजूबाजूनं काम करायचो.

गणपतीच्या चार दिवस आधी आबा आले. चौदा वर्षांत पहिल्यांदा. वेल्ह्याहून निघून नसरापूरला गाडी बदलून आले होते, अंगावर घोंगडी, हातात काठी, घोंगडीला शेरडांचा वास. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठे असतील. बसले, पाणी प्यायले, सुनेची चौकशी केली. मग मशीनकडं बघून म्हणाले,

"बदलताय म्हनं हे."

मी म्हटलं, न्हाई बदलत.

"बदला की." काठी त्यांनी दोन्ही गुडघ्यांत धरली. "आमच्या भाऊकीत आता कुनाकडं कागुद ऱ्हायला न्हाई. काय हाय ते ह्याच्यात. हे गेलं की मानसं तोंडानं ठरवत्याल. तोंडानं ठरवायचं म्हनलं तर थोरली पाती कुठली ते आमच्या शेरडास्नी बी ठावं हाय."

मी विचारलं की मग इतकी वर्षं भांडला का नाहीत. ते म्हणाले, मान मागून घेतला की तो मान राहत नाही, ती भीक होते. म्हणून गेलो नाही. पण आता वय झालं, मधल्या पातीची नवरी मुलगी लहानपणी त्यांच्या खांद्यावर वाढलीय, तिच्या डोक्यावर अक्षता टाकायला जायचंय, आणि त्यांचं नाव दुसरं पुकारलं तर नारळ घ्यायला त्यांच्यानं उठवणार नाही.

मग म्हणाले, "एकदा दावा मला ते. चौदा वर्सं ऐकतोय, बगितलं न्हाई."

मी फाईल उघडली. कमान पडद्यावर आली, खांबांवरच्या वेली, वरती कलश, सगळं जसंच्या तसं. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी काठीच्या टोकानं पहिली ओळ दाखवली.

"हे बारकं कुनाचं?"

"त्याचं."

"आन् हे खालचं लांबडं?"

"तुमचं."

ते बघत राहिले. मला वाटलं होतं आता उठतील. उठले नाहीत. समोर बसलेल्या, वाचता न येणाऱ्या माणसाला काहीही सांगून वाटेला लावणं सोपं असतं. मी दोन-तीन गोष्टी जुळवून बघितल्या मनाशी, सगळ्या चांगल्या होत्या. पण शेवटी तोंडातून खरं तेच निघालं.

"आबा, तुमचं नाव म्या खाली घेतलं. यादीत पहिलं व्हतं. वरच्या वळीत बसंना."

सुनेचा हात कीबोर्डवर थांबला.

आबांनी कमानीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "अक्षर बारीक न्हवतं करता येत?"

इंजिनिअर होऊन आलेली पोरं माझ्या दुकानात बसून गेलीत, कुणाला हा प्रश्न सुचला नसता.

"येत व्हतं," मी म्हटलं.

येत होतं. दोन बटणं दाबायची होती. पण नावांच्या यादीत एक ओळ मोठी नि एक बारीक हे माझ्या हाताला चालत नसे. ज्या छापखान्यात शिकलो तिथला नियम तसा होता, आणि मी तो भोरातल्या सगळ्या पत्रिकावाल्यांना तुच्छ लेखायला वापरायचो. ते बारीकमोठं करतात, मी करत नाही. हे सगळं मी आबांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. ते एवढंच म्हणाले की भाऊकी गणपतीत बसणार आहे, पुण्या-मुंबईची माणसं तेव्हा गावी असतात. "तितं येऊन हेच बोला." आणि गाडी चुकेल म्हणून निघाले.

संध्याकाळी दुकान बंद करताना सून म्हणाली, "म्हणून कापूरहोळहून येताना खिडकीतनं बघत होतात." मी कुलूप लावलं.

मी गेलो. देवळापुढच्या पारावर भाऊकी बसली होती, चाळीसएक माणसं. मला चांगली सतरंजी दिली, चहा दिला. मी उभं राहून सांगितलं: मूळ यादीत थोरली पाती पहिली होती, मी माझ्या सोयीनं खाली घेतली, चूक माझी आहे. माझ्या आयुष्यात मी 'चूक माझी' हे शब्द फारसे वापरलेले नाहीत, त्यामुळं ते नीट निघाले नसतील.

पांढरे बूट उठले. फार गोड आवाजात तो म्हणाला की चाचा आपल्या सगळ्यांना बापासारखे आहेत, पण चाचांचं आता वय झालं. आबांनी जाऊन डोळ्यांत पाणी आणलं असेल, चाचांचं काळीज मऊ.

"मानसाला वय आस्तं," तो म्हणाला. "मशीनला न्हाई."

दुसऱ्या एकानं विचारलं, "चाचा, त्या येळंला तुमी मशीन बगूनच सांगितलं व्हतं का न्हाई?" मी म्हटलं, व्हय. "मग आज तोंडानं सांगताय ते खरं का मशीनमधलं खरं?" मागं बायका बसल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, माणूस विसरतो, मशीन विसरत नाही आणि खोटं बोलत नाही. सगळे हसले. माझ्याच सुरात म्हणाली होती ती. आबा पाराच्या कडेला बसले होते, ते हसले नाहीत आणि माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही. ठरलं असं की मशीनमध्ये आहे तोच क्रम.

मी म्हणजे पन्नास-पंचावन्न वर्षं अक्षर जुळवणारा माणूस, आणि माझ्या तोंडापेक्षा माझ्याच टेबलावरच्या डब्याचा शब्द मोठा. हा मोठेपणा त्याला दिला होता मीच. परतीच्या एसटीत कंडक्टरनं सुटे मागितले, ते मी न मोजताच दिले.

घरी सगळं सुनेला सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, बघा, तुमचं मशीन. तिनं दुसरंच विचारलं. "अब्बा, तुम्ही पहिलं प्रूफ पुसता का?"

मी म्हटलं, लग्न लागेपर्यंत पहिलं प्रूफ टाकायचं नसतं, हा खिळ्यांपासूनचा नियम आहे. आणि लग्न लागल्यावर कोण आठवणीनं पुसत बसतो? मी काहीच पुसत नाही. तिनं दुसऱ्या दिवशी त्या गावाचा कप्पा उघडला. इतकी वर्षं मी शेवटची फाईल तेवढी उघडायचो. ती खाली खाली जात राहिली. अगदी तळाला त्याच नावाची, पुढं एकचा आकडा असलेली फाईल निघाली.

ती उघडली. तीच कमान. पहिल्या ओळीत आबांचं पूर्ण नाव, दोन्हीकडचे खांब फोडून, वेलींच्या अंगावरून, पार समासात गेलेलं. खाली धाकट्या पातीचं चार अक्षरी नाव मधोमध. आणि उजव्या कोपऱ्यात, स्वतःला आठवण राहावी म्हणून मीच टाकलेली ओळ: 'मोठे नाव खाली घेणे.' मला ती लिहिल्याचं आठवत नव्हतं. सगळं आठवतं असं सांगत फिरणारा मी.

मधल्या पातीचे दोघे, आबांचा मुलगा आणि पांढरे बूट, चौघांना दुकानात बोलावलं. सुनेनं दोन्ही फायली शेजारी शेजारी लावल्या. पांढऱ्या बुटवाल्यानं वाचलं, परत वाचलं, आणि म्हणाला, हे आज बनवलं असेल. सुनेनं फाईलवर बाण नेला. ती कधी साठवली त्याची तारीख तिथं होती, दुसरीच्या दोन दिवस आधीची, चौदा वर्षांपूर्वीची. मशीनला वय नसतं म्हणणारा त्या तारखेवर वाकला. मग त्यानं मला विचारलं, "त्या टायमाला का न्हाई बोलला चाचा?" हा प्रश्न बरोबर होता, म्हणून तो माणूस मला आणखीच आवडेनासा झाला. मधल्या पातीच्या माणसानं खिशातून यादी काढली, पेन मागितलं, आणि वरची दोन नावं खोडून उलट क्रमानं लिहिली.

ते गेल्यावर मी सुनेला म्हटलं, उघड सगळ्या.

गणपती उठल्यापासून दसऱ्यापर्यंत आम्ही दोघं रोज बसलो. मी वाचायचो, ती नव्या अक्षरात करायची, चिवडा झालेलं नाव मी ओळखून सांगायचो. बऱ्याच लोकांना स्वतःच्या आजोबांचं नाव सांगता येत नाही, मला त्यांच्या चार पिढ्या क्रमानं येतात, हे सुनेलाही कबूल करावं लागलं. तिनं ते कबूल केलं नाही, पण चहा आणून दिला. 'मोठे नाव खाली' असल्या टिपा आणखी सात निघाल्या. चार ठिकाणी मी जाऊन सांगून आलो. तीन ठिकाणी सांगितलं नाही. तिथं कुणाचं काही अडलेलं नाही, दोघे तर वारलेत, आणि मी काही गावोगाव नाक घासत फिरायचं व्रत घेतलेलं नाही. सून म्हणते, ते तीनही सांगा. बघू.

दिवाळीच्या आधी कापूरहोळचा तो इअरफोनवाला आला. निळी चौकट आलेलीच होती. त्यानं 'आत्ता' वर बाण नेला आणि बाजूला झाला. सून म्हणाली, अब्बांना दाबू द्या. मी दाबलं. तासाभराचं काम म्हणाला होता, चार तास लागले. मधे मशीन तीनदा बंद पडून चालू झालं आणि तो दर वेळी म्हणाला, असं होतं. चालू झाल्यावर नव्या सिस्टिमनं मला विचारलं की तुमचं नाव काय, तुम्ही कुठं राहता, तुमचा चेहरा दाखवता का. एवढ्या चौकशा माझ्या सासऱ्यानं केल्या नव्हत्या. डोंगलची किल्ली काढून मी दिनदर्शिकेच्या खिळ्याला अडकवली. तिचा आता काही उपयोग नाही हे मला तीन माणसांनी सांगून झालंय.

मधल्या पातीची पत्रिका नव्या मशीनवरची पहिली. कमान घातली नाही. पत्रिका न्यायला आबा स्वतः आले, मुलाला पाठवलं नाही. मी गठ्ठ्यातली एक काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडाला धरली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे मी?"

"तुमी."

बोट खाली सरकलं. "आन् हा त्यो?"

"त्यो."

दोन्ही ओळींवरनं बोट दोनदा फिरवून त्यांनी माप घेतलं. "दोगांचं अक्षर सारखंच?"

मी म्हटलं, माझ्याकडं यादीत बारीकमोठं चालत न्हाई.

"ह्या बारीला त्याचं करायचं व्हतं की जरा बारीक," आबा म्हणाले, आणि पत्रिका घोंगडीच्या आत सरकवली.